उजवा इंडिकेटर: संकलन केंद्राच्या फाटकापुढचं एक प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं आहे. गावाचं नाव, माणसांची नावं आणि गाड्यांचे नंबर दिलेले नाहीत. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत, मात्र घटनेचा क्रम आणि निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत कापूस आणि त्याला जोडून तूर, असं कंपनीच्या संकलन केंद्राचं काम चालतं. केंद्र दुपदरी राज्य मार्गाला लागून आहे. डांबर सात मीटर रुंद, दोन्ही बाजूंना मुरुमाची पट्टी आणि तिच्यापलीकडे नाली. मुख्य फाटक आणि वजनकाटा रस्त्याच्या एकाच बाजूला आहेत. ज्या बाजूच्या गावांतून जास्त माल येतो, तिकडून येणाऱ्या गाडीला आत शिरायला उजवीकडे वळावं लागतं. मागच्या अंगाने गावरस्त्यावर उघडणारं एक छोटं फाटक होतं. वजनकाटा पुढे असल्यामुळे ते कुलूपबंदच राहायचं.

कामावर 17 ड्रायव्हर होते. सात जण ट्रॅक्टरवर, आठ पिकअपवर, दोघे टेम्पोवर. सगळ्यांचे परवाने चालू. सगळ्यात नवा परवाना चार वर्षांचा, सगळ्यात जुना 22 वर्षांचा. कार्यालयातल्या फाईलमध्ये परवाना, विमा, पीयूसी सगळं लावलेलं. पिकअप चालवायला साधा हलक्या वाहनाचा परवाना पुरतो की वेगळा शिक्का लागतो, हेही व्यवस्थापकाने तपासलं होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो असा निकाल दिला, त्यामुळे ती शंकाही मिटली होती. कागदाला बोट लावायला जागा नव्हती.

घटना

नोव्हेंबरची अखेर, संध्याकाळचे सव्वासहा. अंधार पडलेला. सुमारे 20 क्विंटल कापूस भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली केंद्राकडे येत होता. मागून कंपनीचाच पिकअप माल टाकून रिकामा परतत होता, त्यात ड्रायव्हर आणि एक हमाल.

फाटकाच्या अलीकडे ट्रॅक्टरवाल्याने उजवा इंडिकेटर लावला. ट्रॉलीचा उजवा दिवा चालू होता, चांगला लुकलुकत होता. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की बहुतेक ट्रॉल्यांच्या बाबतीत पहिला संशय दिव्यावरच जातो आणि तिथेच चौकशी संपते. इथे दिवा होता, इशारा दिला होता आणि मागच्याने तो पाहिलाही होता.

मग ट्रॅक्टरवाल्याने गाडी आधी डावीकडे घेतली, डावी चाकं मुरुमात उतरेपर्यंत. लांब ट्रॉली अरुंद फाटकात एका दमात शिरावी म्हणून सगळेच तसं करतात. पिकअपवाल्याला समोर काय दिसलं? उजवा दिवा लुकलुकतोय आणि ट्रॅक्टर डावीकडे सरकून रस्ता मोकळा करतोय. त्याने गिअर टाकला आणि उजवीकडून निघाला. त्याच्या सांगण्याप्रमाणे वेग साठच्या आसपास होता. त्याच क्षणी ट्रॅक्टर उजवीकडे वळला.

पिकअपची डावी बाजू ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला लागली आणि गाडी पलीकडच्या नालीत उतरली. ड्रायव्हरचं मनगट मोडलं, हमालाला मुका मार लागला. ट्रॉलीची पिन वाकली आणि कापूस रस्त्यावर सांडला. समोरून त्या वेळी एसटी किंवा ट्रक येत नव्हता, म्हणून एवढ्यावर भागलं.

लगेचचे निर्णय, आणि तिथेच झालेल्या चुका

जखमींना पंधरा मिनिटांत ग्रामीण रुग्णालयात नेलं, हे बरोबर झालं. पण त्याच वेळी बाकीच्यांनी दोन्ही गाड्या ओढून आत घेतल्या, कापूस भरला आणि रस्ता झाडून काढला. फोटो नाही, चाकांच्या खुणांची नोंद नाही. “दोन्ही गाड्या आपल्याच, कायले पोलीस,” असं ठरलं आणि प्रकरण आपसात मिटलं.

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 134 ड्रायव्हरवर तीन गोष्टी टाकतं: जखमीला उपचार मिळवून देणं, शक्य तितक्या लवकर आणि कुठल्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणं, आणि विमा कंपनीला लेखी माहिती देणं. 17 पैकी एकालाही ही तीन कर्तव्यं पुरी सांगता आली नाहीत. व्यवस्थापकालाही विम्याचं चौथ्या दिवशी आठवलं. तोवर पंचनामा करायला काही उरलंच नव्हतं.

प्रश्न नेमका कुठे होता

पहिल्या बैठकीत दोन्ही ड्रायव्हर एकमेकांवर तुटून पडले. ट्रॅक्टरवाला म्हणे, मी इंडिकेटर दिला होता. पिकअपवाल्याचं उत्तर होतं, “उजवा देला म्हंजे निंघ म्हनते ना तो! अन् साइडबी देली त्याने.” दोघेही खरं बोलत होते. खोलीतल्या बाकीच्यांकडे पाहिलं तर निम्मे एकाच्या बाजूने मान हलवत होते, निम्मे दुसऱ्याच्या.

व्यवस्थापकाचं लक्ष इथे गेलं, आणि या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण आम्ही हाच मानतो. चूक कोणाची हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला आणि दुसराच विचारला: एकाच रस्त्यावर एकाच दिव्याचे दोन अर्थ कसे काय चालतात, आणि असे आणखी किती आहेत?

नियमात उजव्या इंडिकेटरचा अर्थ एकच आहे, मी उजवीकडे जाणार. मागच्याला “पुढे जा” सांगायचा इशारा वेगळा होता आणि तो हाताचा होता. 1989 च्या रस्ते नियमांप्रमाणे उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हात बाहेर आडवा, स्थिर धरायचा. मागच्याने ओलांडून जावं असं वाटत असेल तर तोच हात आडवा धरून मागे-पुढे अर्धगोलात हलवायचा. दोन्ही इशारे उजव्याच हाताचे, फरक फक्त हालचालीचा. पुढे हाताची जागा दिव्याने घेतली. दिवा स्थिर धरता येत नाही, तो लुकलुकतोच. ट्रकवाल्यांची “उजवा म्हणजे निघ” ही बोली बहुधा इथूनच रुळली असावी. याचा अर्थ ड्रायव्हर नियम विसरले होते असा नाही. नियमाच्या जागी रस्त्यावर घडलेली एक बोलीभाषा येऊन बसली होती, आणि ती सगळ्यांची सारखी नव्हती.

यात ट्रॅक्टरवाल्याचाही वाटा होता, तो झाकता येत नाही. उजवीकडे वळताना गाडी आधीपासून रस्त्याच्या मध्याकडे न्यायची असते. ती जागाच मागच्याला सांगते की हा वळणार आहे. त्याने उलट केलं. शिवाय वळण्याआधी मागे पाहायला हवं होतं, पण कापूस बाहेर फुगून आरसा झाकला गेला होता. आणि पिकअपवाल्यासाठीही नियम स्पष्ट होता. पुढच्याने उजवीकडे वळण्याचा इशारा दिला असेल तर मागे थांबायचं, किंवा जागा असेल तर डावीकडून जायचं. डावीकडून ओलांडायची जी मोजकी मुभा आहे, त्यातली ही एक.

कोणते पर्याय तोलले गेले

संचालक मंडळातल्या दोघांचं म्हणणं होतं की दुरुस्तीचा खर्च दोघांच्या पगारातून कापावा. याने सतराही जण गप्प झाले असते आणि पुढचा अपघात लपवला गेला असता, म्हणून तो पर्याय सोडला. परिवहन कार्यालयातून अधिकारी बोलावून एक दिवसाचं व्याख्यान ठेवावं, असंही सुचवलं गेलं. त्यात खोट काही नव्हती. पण काय ठाऊक आहे आणि काय नाही हेच कळलं नसेल तर व्याख्यान कशावर द्यायचं? मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजळणीला पाठवायचं तर हंगामात गाड्या उभ्या राहणार. शेवटी ठरलं ते असं: आधी आपणच तपासू, मग ठरवू.

आधी तपासणीची गरज आहे, हे गावोगावच्या मालकांना पटवणं कठीण जातं. “परवाना आहे ना?” हे त्यांचं उत्तर. परवान्याने नेमकं काय सिद्ध होतं ते पाहा. शिकाऊ परवान्याच्या चाचणीत 60 टक्के उत्तरं बरोबर आली की पास. म्हणजे 15 प्रश्नांतले सहा चुकले तरी चालतं, आणि ते सहा कोणते हे पुढे कोणी पाहत नाही. त्यानंतर परवाना मुदतीत, किंवा मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत नूतनीकरणाला टाकला तर पुन्हा चाचणी नाही. चाळिशीनंतर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, पण ते डोळ्यांचं आणि प्रकृतीचं. रस्त्याचे नियम एकदा, विशीत विचारले जातात आणि मग आयुष्यभर नाही. दरम्यान नियमही बदलतात. 1989 च्या रस्ते नियमांची जागा 2017 मध्ये नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली, आणि 17 पैकी बहुतेकांचे परवाने त्याआधीचे होते.

तपासणी: पहिला प्रयत्न फसला

छापील कागदावर 20 प्रश्न दिले. दोघांना वाचायला त्रास होत होता, तिघांनी शेजाऱ्याचं पाहून लिहिलं, आणि एक ज्येष्ठ ड्रायव्हर “चष्मा घरी राहिला” म्हणून उठून गेला. कोणालाच खरं उत्तर द्यावंसं वाटेना, कारण नोकरीची भीती. ते कागद फाडून टाकले, आणि सगळ्यांच्या देखत फाडले. हे चांगलं केलं.

दुसऱ्यांदा गोदामाच्या फरशीवर खडूने रस्ता काढला. फाटक, नाली, गावरस्ता मिळतो तो फाटा, तालुक्याच्या गावातला पुतळ्याचा चौक, ओढ्यावरचा अरुंद पूल. खेळण्यातल्या चार गाड्या आणल्या आणि ट्रॅक्टरला दोऱ्याने एक खोकं बांधून ट्रॉली केली. एकेकाला बोलवायचं, परिस्थिती मांडायची आणि “आता काय कराल?” एवढंच विचारायचं. उत्तराची खूण वहीत, नावाशिवाय. जो चष्म्याचं निमित्त करून गेला होता, तोच गुडघे टेकून बसला आणि खोक्याची ट्रॉली डावीकडे घेऊन उजवीकडे वळवताना मागचं चाक किती आत येतं ते त्याने सगळ्यांना दाखवलं. फाटक दीड मीटर रुंद केलं तर डावीकडे काट घ्यावीच लागणार नाही, हे पहिल्यांदा त्याच्याच तोंडून आलं.

काय आढळलं

दंडाशी जोडलेलं सगळं पाठ होतं. हेल्मेट, सीट बेल्ट, मोबाइल, दारू, ओव्हरलोड. कुठे पोलीस उभे असतात तेही. जिथे पावती फाटते तिथलं ज्ञान ताजं राहतं, आणि दुसऱ्या गाडीशी कसं वागायचं यासाठी कोणी पावती फाडत नाही, म्हणून ते पुसलं जातं.

उजव्या इंडिकेटरचा अर्थ दहा जणांनी “मागच्याला साइड” असा सांगितला. उरलेल्यांतल्या तिघांच्या मते डावा दिला तरच साइड, उजवा म्हणजे “समोरून गाडी आहे, थांब”. म्हणजे खुद्द बोलीतही एकमत नव्हतं.

फाट्यावर दोन सारखे रस्ते भेटतात, सिग्नल नाही, पोलीस नाही, आधी कोण? बहुतेकांनी सांगितलं, मोठी गाडी. काहींनी, जो हॉर्न देईल तो. नियम उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा आहे. एक रस्ता मुख्य असेल तर मुख्य रस्त्यावरच्याला. तो उजवीकडचा नियम फक्त दोघांनी सांगितला. पुतळ्याच्या चौकात, म्हणजे गोल चक्करमध्ये, आधीपासून चक्करमध्ये असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हेही थोड्यांनाच ठाऊक होतं.

चौकात सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावणं ही सगळ्यांची सवय होती, आणि ती अत्यंत धोक्याची आहे. बाजूच्या रस्त्यावरून पाहणाऱ्याला गाडीची एकच बाजू दिसते. डावीकडच्याला फक्त डावा दिवा लुकलुकताना दिसतो आणि तो समजतो की ही गाडी माझ्याकडे वळतेय, मला निघायला हरकत नाही. फरशीवर पिकअपच्या चार कोपऱ्यांना चार काड्या लावून, एकेकाला बाजूला बसवून हे दाखवलं तेव्हा गोदामात शांतता पसरली.

अरुंद पुलावर समोरच्याने अप्पर मारला, म्हणजे हेडलाइटचा लांबचा झोत क्षणभर टाकला, तर? सगळे एका सुरात: “तो आधी येनार.” इथे निदान अर्थ एक आहे. पण दोघांनीही एकाच वेळी अप्पर मारला तर, यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

फलकांचं वेगळंच. ओळखीची चित्रं सगळ्यांना येत होती. पण लाल गोल म्हणजे हुकूम किंवा मनाई, त्रिकोण म्हणजे पुढे धोका, निळा गोल म्हणजे हे केलंच पाहिजे, ही आकारांची भाषा माहीत नव्हती. त्यामुळे अनोळखी फलक दिसला की तो नुसता पाहून सोडून दिला जायचा. उलटा त्रिकोण म्हणजे “दुसऱ्याला आधी जाऊ द्या”, हे दोघांनाच सांगता आलं. रस्त्यावर जोडपट्टा असेल, एक अखंड आणि एक तुटक, तर आपल्या बाजूची पट्टी तुटक असेल तरच आणि सुरक्षित असेल तरच ओलांडायची, हे टेम्पोवाल्यांना पक्कं होतं, ट्रॅक्टरवाल्यांना नाही.

सगळ्यात मोठी तफावत थांबण्याच्या अंतरात निघाली. ताशी 60 किमीला गाडी किती मीटरमध्ये थांबेल? उत्तरं 10 ते 20 मीटरची. हिशेब असा: 60 च्या वेगाला गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर 25 मीटर तिथेच संपले. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले तरी पुढे आणखी 20, म्हणजे एकूण 45. भरलेल्या पिकअपला याहून जास्त. डिपरच्या, म्हणजे हेडलाइटच्या जवळच्या झोताच्या उजेडात रस्ता नीट दिसतो तो साधारण तेवढाच. म्हणजे बिनदिव्याची ट्रॉली किंवा बंडी (बैलगाडी) पुढे असली तर 60 च्या वेगाला ती दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. केंद्रापुढच्या रस्त्यावर 45 मीटर टेपने मोजून दोन विटा ठेवल्या आणि सगळ्यांना ते अंतर पायी चालायला लावलं. आकड्याने जे झालं नव्हतं ते चालण्याने झालं.

काय केलं

पुढचे चार आठवडे, दर सोमवारी सकाळी गाड्या निघण्याआधी वीस मिनिटं, एका वेळी एकच विषय. पहिल्या सोमवारी फक्त इंडिकेटर. ठरलं ते असं: आपल्यापैकी कोणीही उजव्या दिव्याने मागच्याला साइड द्यायची नाही. साइड द्यायची असेल तर वेग कमी करून डावीकडे राहायचं, दिवा लावायचा नाही. पुढच्याचा उजवा दिवा दिसला, मग तो कोणाचाही असो, तो वळणार असंच धरायचं. चौकात सरळ जाताना कोणताही इंडिकेटर नाही. चारही दिवे फक्त गाडी बंद पडून उभी असेल तेव्हाच.

फाटक दीड मीटरने रुंद केलं. मागच्या फाटकापासून वजनकाट्यापर्यंत 60 मीटर मुरूम टाकला आणि अंधार पडल्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरांना गावरस्त्याने मागूनच आत घेणं सुरू केलं. दिवसा उजवीकडे वळायचं असेल तर 100 मीटर आधी इशारा, वेग कमी, गाडी मध्याकडे, समोरून आणि मागून मोकळं दिसल्यावरच वळायचं. यावर वाद झाला. हळू चालणारी लांब ट्रॉली मध्यावर उभी ठेवणं जास्त धोक्याचं नाही का? भीती खरी आहे, म्हणूनच रात्रीची वळणं पुढच्या फाटकावरून पूर्ण काढली.

ट्रॉल्यांचं काम वेगळं होतं. सातपैकी चार ट्रॉल्यांचे दिवे बंद निघाले आणि चारही ठिकाणी बल्ब ठीक होता. दोष अर्थिंगच्या तारेचा. ट्रॉलीच्या सांगाड्याला जिथे ती पेचाने कसलेली असते तिथे गंज चढतो, आणि मग एक इंडिकेटर लावला की दुसरे दिवेही अंधूक लुकलुकतात. पेच काढून, पॉलिश पेपरने जागा घासून, ग्रीस लावून कसला की दिवे परत. ट्रॅक्टरमागच्या सात पिनांच्या सॉकेटला झाकण नव्हतं. तिथे माती आणि कापसाचे तंतू भरलेले. ताडपत्री दिव्यांवर येऊ नये म्हणून तिची खालची दोरी दिव्यांच्या वर बांधायची सवय लावली, मागे दोन्ही कडांना लाल रेडियम पट्टी आणि दोन्ही बाजूंना लांब दांड्याचे आरसे.

फलश्रुती

हंगाम संपेपर्यंत फाटकापुढे दुसरा अपघात झाला नाही. एका हंगामावरून फार काही म्हणता येत नाही, आणि यातलं फाटकामुळे किती नि शिकवण्यामुळे किती हे वेगळं काढता येत नाही. तीन महिन्यांनी तीच फरशी, तेच खडू, तेच प्रश्न. इंडिकेटरबद्दल सतराही जण पक्के होते. थांबण्याचं अंतर चौदा जणांनी 40 च्या वर सांगितलं. फलकांच्या आकारांचंही बरं होतं.

उजवीकडच्याला आधी जाऊ देण्याचा नियम मात्र पुन्हा घसरला. सांगता सगळ्यांना येत होता. पाळतो असं निम्मेच म्हणाले. “आपन थांबलो तर मागचा हॉर्न मारते, अन् उजवीकडचाबी थांबून पाह्यते, याले काय झालं म्हून.” हे प्रामाणिक उत्तर आहे. जो नियम समोरच्याला माहीत नाही तो एकट्याने पाळला तर चौकात नवाच गोंधळ होतो. म्हणून तिथे तडजोड झाली: वेग पायी चालण्याइतका, उजवीकडे पाहायचं, समोरचा काय करतो ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात आधी, अपघाताच्या संध्याकाळी. जखमींना हलवल्यावर गाड्या हलवण्यापूर्वी चार कोपऱ्यांतून फोटो, मागे-पुढे माणूस उभा करून वाहतूक सांभाळणं, आणि लगेच पोलिसांना फोन. आता प्रत्येक गाडीच्या कप्प्यात एका कागदावर हे सगळं पायरी-पायरीने लिहिलेलं आहे, सोबत विमा पॉलिसीचा नंबर.

तपासणी हंगामाआधी, सप्टेंबरात व्हायला हवी होती. डिसेंबरात ट्रॉल्या रांगेत उभ्या असताना सोमवारची वीस मिनिटं काढणं व्यवस्थापकाला जड गेलं, आणि दोन सोमवार दहा मिनिटांतच उरकले. छापील परीक्षेत गेलेला आठवडाही वाचला असता.

सगळ्यात मोठी राहून गेलेली बाब म्हणजे शेतकऱ्यांच्या स्वतःच्या गाड्या. केंद्रावर येणारा अर्धाअधिक माल त्यांच्याच ट्रॅक्टरने आणि बंडीने येतो, आणि त्या चालवणारं कोणीही फरशीवरच्या रस्त्यावर आलेलं नाही. बंडीला ना परवाना, ना दिवा. फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे आता रेडियमचं एक बंडल, कात्री आणि इंडिकेटरच्या बल्बचा डबा ठेवलेला असतो. वजन करून रिकामी बंडी बाहेर निघाली की तो मागच्या फळीवर हातभर पट्टी लावून देतो. फळीला माती असली तर पट्टी दोन दिवसांत सुटते, म्हणून डब्याशेजारी एक फडकं आणि रॉकेलची बाटलीही असते.